भिंती बंद होण्याआधी: स्वतः बांधलेल्या घरात सांडपाणी, नळ, वीज आणि हवा यांची जोडणी

वीटकाम संपल्यापासून गिलावा सुरू होईपर्यंतच्या काळात घरातल्या नळांचं, सांडपाण्याचं आणि विजेचं पुढच्या कित्येक वर्षांचं भवितव्य ठरतं. या काळात जे भिंतीत किंवा फरशीखाली जातं, ते नंतर बघायचं तर फोडावंच लागतं. म्हणून इथे घाई करू नये आणि दुसऱ्या कुणाला करूही देऊ नये. गिलाव्याचे कारागीर ताटकळले तरी चालतील. न तपासलेला पाइप झाकला जाता कामा नये.

पुढची मापं वीट किंवा ब्लॉकच्या भिंती, काँक्रीटचा स्लॅब आणि २३० व्होल्टचा वीजपुरवठा धरून दिली आहेत. तुमच्या भागातले नियम यापेक्षा कडक असतील तर तेच पाळायचे. वीज आणि गॅसची अंतिम जोडणी व तपासणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायची.

सगळ्यात आधी एक मीटरची रेघ

पाइप आणि बॉक्स बसवले जातात तेव्हा खोलीत फरशीही नसते आणि टाइलही नसते. गवंडी स्लॅबपासून मोजतो, प्लंबर त्याला सोयीच्या विटेच्या थरापासून, वायरमन दाराच्या चौकटीपासून. शेवटी स्विचबोर्ड एका पातळीत येत नाहीत, कमोडचा कॉक टाकीच्या मागे लपतो आणि नळाचा पितळी एल्बो टाइलच्या आत दोन सेंटिमीटर खोल राहतो.

यावर उपाय एकच. लेझर किंवा साध्या पारदर्शक लेव्हल पाइपने घरभर, प्रत्येक भिंतीवर, तयार फरशीपासून बरोबर १००० मिमी उंचीवर रेघ मारायची. तयार फरशी म्हणजे स्लॅबवर ४० ते ५० मिमी भर आणि साधारण १० मिमी टाइल, म्हणजे स्लॅबपासून ५० ते ६० मिमी वर. स्लॅब सगळीकडे सपाट नसतो. त्यामुळे आधी घरातला सर्वांत उंच ठिपका शोधायचा आणि भर तिथून धरायची. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा १५ ते २० मिमी खाली राहील हेही आत्ताच ठरवायचं. यापुढे सगळ्यांनी याच रेघेपासून वर किंवा खाली मोजायचं, दुसऱ्या कशापासून नाही.

भिंतीच्या बाबतीतही तेच. विटेपासून तयार टाइलपर्यंत गिलावा १२ ते १५, चिकटवणी ३ ते ५ आणि टाइल ८ ते १० मिमी, असे एकूण २३ ते ३० मिमी होतात. नळ, डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) आणि इलेक्ट्रिक बॉक्स किती बाहेर काढायचे ते यावरून ठरतं. कन्सील्ड डायव्हर्टरच्या प्लास्टिक कव्हरवर किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. खोल बसला तर हँडल पोहोचत नाही, वर आला तर प्लेट टाइलला टेकत नाही. दोन्ही वेळा टाइल फोडावी लागते.

फर्निचर कागदावर, मगच पॉइंट

पलंग, ओटा, कपाट आणि वॉशिंग मशीन कुठे येणार, दारं कोणत्या बाजूला उघडणार हे नकाशावर मापात काढल्याशिवाय एकही पॉइंट ठरवू नका. दाराआड गेलेला स्विच आणि कपाटामागे अडकलेला सॉकेट ही नकाशातली चूक असते, वायरमनची नव्हे. सर्वसाधारण उंची अशी: स्विचबोर्ड १२०० मिमी, खालचे सॉकेट ३००, ओट्यावरचे सॉकेट ओट्याच्या वर साधारण २००, बेसिनचे कॉक ५५० ते ६००, शॉवर २००० ते २१००, कमोडचा कॉक २००. कमोड, बेसिन आणि डायव्हर्टर मात्र पाइप टाकण्याआधी विकत घेतलेले असावेत किंवा त्यांचं मापपत्रक हातात असावं. एस-ट्रॅप कमोडचं (ज्याचा निचरा खाली फरशीतून जातो) भिंतीपासूनचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं आणि ते तयार टाइलपासून मोजलेलं असतं. विटेपासून मोजलं तर कमोड भिंतीला घासतो किंवा बसतच नाही.

कामाचा क्रम

ज्या पाइपला वळायला सर्वांत कमी मुभा, तो आधी. सांडपाण्याच्या पाइपला उतार लागतो. त्याला दुसऱ्यासाठी वर-खाली होता येत नाही. त्यानंतर एसीचा निचरा, कारण त्यालाही उतार हवा. मग पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्याचे पाइप. शेवटी विजेचे आणि डेटाचे कॉन्ड्युट (वायरी ओढायच्या नळ्या), कारण ते कुठूनही नेता येतात. बहुतेक ठिकाणी वायरमन आधी मोकळा असतो म्हणून तोच आधी झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) मारून जातो आणि मग सांडपाण्याच्या पाइपला वाट करून देण्यासाठी त्याचे कॉन्ड्युट कापले जातात. स्लॅबमधले कॉन्ड्युट आणि पंख्याचे बॉक्स अर्थातच याला अपवाद. ते सळया बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी, वरच्या आणि खालच्या जाळीच्या मधोमध बसलेले असावेत.

सांडपाणी: मिलिमीटरचा हिशेब

कमोडसाठी ११० मिमी, बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपसाठी (फरशीतल्या जाळीखालचं, पाणी धरून ठेवणारं भांडं) ७५ मिमी, बेसिनसाठी ४० ते ५० मिमी पाइप. ७५ मिमीच्या पाइपला १:४० म्हणजे मीटरला २५ मिमी उतार द्यायचा, ११० मिमीच्या पाइपला १:६० ते १:४०. उतार कमी पडला की गाळ बसतो.

बाथरूमचा स्लॅब किती खाली हवा, हे याच आकड्यांवरून ठरतं. समजा न्हाणी ट्रॅपपासून शाफ्ट (उभ्या पाइपांची मोकळी जागा) ३ मीटरवर आहे. उतारातच ७५ मिमी गेले. ट्रॅपची स्वतःची उंची १५० ते २०० मिमी, त्यावर भर आणि टाइल. म्हणजे ३०० मिमी खोलगट स्लॅबही जेमतेम पुरतो. स्लॅब २०० मिमीच खाली असेल तर उतार कमी करून बसवण्याचा मोह होतो. त्याऐवजी ट्रॅप शाफ्टच्या जवळ आणा. बाथरूमची रचना बदलणं आज कागदावरचं काम आहे; तुंबणारा पाइप कायमचा असतो.

प्रत्येक ट्रॅपमध्ये किमान ५० मिमी पाणी साचून राहायला हवं. हेच पाणी गटाराची दुर्गंधी आणि किडे घरात येऊ देत नाही. दुर्गंधी येऊ लागली की लोक ट्रॅप बदलतात, पण बऱ्याचदा दोष हवेच्या पाइपचा असतो. उभ्या पाइपमधून पाणी जोरात खाली जाताना मागे हवा कमी पडते आणि जवळच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. म्हणून उभा पाइप छताच्या वर मोकळा सोडून त्यावर जाळीची टोपी बसवायची. तो छताखालीच बंद करू नये. फ्लश केल्यावर न्हाणी ट्रॅपमध्ये गुडगुड आवाज आला तर हवेची वाट अपुरी आहे असं समजा.

उभ्या पाइपच्या तळाशी ९० अंशाचा एक बेंड न लावता ४५ अंशाचे दोन लावा. दिशा बदलेल तिथे दरवाजाचा बेंड किंवा साफसफाईचं तोंड ठेवा आणि ते उघडता येईल अशा जागी ठेवा. आडव्या पाइपला दर मीटरला आधार द्या. भरावात नुसता टेकवलेला पाइप भर दाबली की मधे झुकतो, आणि त्या झोळात पाणी साचून राहतं. खोलगट भागात वीटतुकड्यांची भर घालू नका. ते पाणी शोषून धरतात. हलके ब्लॉक किंवा हलकं काँक्रीट घाला. खोलगट स्लॅबच्या तळाशी शाफ्टकडे उघडणारा एक छोटा पाइप ठेवा. पुढे कधी पाणी झिरपलं तर खालच्या छताला ओल येण्याआधी ते तिथून दिसेल.

पाणी: दाब, सांधे आणि ताण

गरम-थंड दोन्ही पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) चालतो. छतावरच्या टाकीतून उतरणारा मुख्य पाइप ३२ मिमी, मजल्यावर फिरणारा २५, नळाकडे जाणारा २०. सवयीप्रमाणे गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे.

दाबाचा हिशेब साधा आहे: १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार. टाकीचा तळ शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ बार, तोही पाइपमधलं घर्षण वजा जाण्याआधी. मोठ्या शॉवरला १ बारच्या आसपास दाब लागतो, त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर प्रेशर पंप लागेलच असं धरा. पंपासाठी वेगळी लाइन, नॉनरिटर्न व्हॉल्व्ह, पंपाला वळसा घालणारी बायपास लाइन आणि विजेचा पॉइंट आत्ताच ठेवा.

सीपीव्हीसीचे सांधे गळतात ते बहुतेक वेळा तयारीत कसूर झाल्यामुळे. पाइप काटकोनात कापा, कडेची भुशी काढा आणि बाहेरून हलका उतार घासा. पाइप फिटिंगमध्ये किती आत जाणार ती खूण करा. सॉल्व्हंट सिमेंट (प्लास्टिक पाइप जोडायचा चिकट द्रव) पाइपला बाहेरून सलग आणि फिटिंगला आतून पातळ लावा. फिटिंगमध्ये जास्त लावलं की आत थेंब साचतो आणि पाइपचं तोंड अडवतो. पाइप आत घालून पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर सांधा परत बाहेर सरकतो. २४ तास दाब देऊ नका. पितळी आट्यांवर टेफ्लॉन टेप वापरा, सॉल्व्हंट सिमेंट नव्हे.

गरम पाण्याने पाइप वाढतो. सीपीव्हीसी दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०६ ते ०.०७ मिमी लांबतो. १० मीटर सरळ लाइन ४० अंशांनी तापली तर अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढ. म्हणून छतावरून जाणाऱ्या सोलर हीटरच्या लाइनला मधे वळण हवं आणि क्लँप असे हवेत की पाइप त्यातून सरकू शकेल. घट्ट आवळलेला पाइप सांध्याजवळ फुटतो.

प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला स्वतंत्र बंद-व्हॉल्व्ह ठेवा. एक नळ बदलण्यासाठी घराचं पाणी बंद करावं लागू नये. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका. त्याच्या तोंडाला निचऱ्याचा पाइप जोडून तो सांडपाण्याकडे मोकळा सोडा.

वीज: वायर आधी, एमसीबी तिच्या मापाने

एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वायरचं रक्षण करतो, उपकरणाचं नव्हे. त्यामुळे एमसीबीचं माप वायरवरून ठरतं. दिवे-पंख्यांना १.५ चौ.मिमी तांब्याची वायर आणि १० अँपिअर, सॉकेटना २.५ चौ.मिमी आणि १६ अँपिअर, एसी किंवा मोठ्या गीझरला ४ चौ.मिमी आणि २० अँपिअर. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी मोठा बसवणं हे घर पेटवण्याचं सर्वांत सोपं साधन आहे. तो पडत असेल तर भार वाटून द्या.

भार काढताना वॉटला २३० ने भागा. ३००० वॉटचा गीझर १३ अँपिअर घेतो, २००० वॉटची इंडक्शन शेगडी ९ च्या जवळ. म्हणजे ओट्यावर शेगडी, ओव्हन आणि किटली एकाच १६ अँपिअरच्या सर्किटवर चालणार नाहीत. स्वयंपाकघराला दोन-तीन सॉकेट सर्किट द्या. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन आणि प्रत्येक एसीला स्वतंत्र. एका मजल्याचे सगळे दिवे एकाच सर्किटवर नकोत. एक एमसीबी पडला तर जिन्यात तरी उजेड राहावा.

लांबीचाही विचार करा. २.५ चौ.मिमी वायरमधून २० मीटर अंतरावर १६ अँपिअर नेला तर सुमारे ६ व्होल्ट वाटेतच पडतात. तेवढे चालतात. पण गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या लांब लाइनला एक माप मोठी वायर घ्या.

संपूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. तो माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवतो. अतिरिक्त भारापासून वाचवत नाही, ते काम एमसीबीचं. जमलं तर दोन-तीन आरसीसीबी घेऊन घर विभागा, म्हणजे बाथरूममधल्या विजेच्या गळतीने फ्रिज बंद पडणार नाही. इथे एक चूक हटकून होते: एका आरसीसीबीचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल एकाच पॉइंटवर जोडला जातो. मग आरसीसीबी विनाकारण पडत राहतो आणि शेवटी कुणीतरी तो काढूनच टाकतो. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी ठेवा आणि न्यूट्रल वायरींवर क्रमांक घाला. अर्थची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत, दिव्यांच्या बॉक्सपर्यंत आणि धातूच्या प्रत्येक बॉक्सपर्यंत अखंड पोहोचायला हवी. नळाच्या पाइपला अर्थ म्हणून वापरणं धोक्याचं आहे.

झिऱ्या कटरने दोन समांतर रेघा मारून काढा. हातोडा-छिन्नीने भिंत खिळखिळी होते. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. अर्ध्या विटेच्या भिंतीत आडवी झिरी मारूच नका. वायर बॉक्सपासून सरळ वर किंवा सरळ खाली जावी, तिरकी कधीच नाही, म्हणजे पुढे खिळा ठोकणाऱ्याला वायर कुठून गेली ते कळेल. कॉन्ड्युटवर किमान १२ ते १५ मिमी गिलावा बसायला हवा आणि झिरीवर दोन्ही बाजूंना जाऊन बसेल अशी जाळी. जाळी नसली की झिरीच्या रेघेवरच भेग पडते.

कॉन्ड्युटच्या पोकळीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग वायरनी भरू नका. दोन बॉक्सच्या मधे ९० अंशाची दोनच वळणं. त्याहून जास्त लागली तर मधे बॉक्स घाला. पुढेमागे लागेल म्हणून गच्चीपासून मुख्य बोर्डापर्यंत एक रिकामा २५ मिमी कॉन्ड्युट आणि प्रत्येक मजल्याला एक रिकामा कॉन्ड्युट ठेवणं अगदी स्वस्त पडतं. सोलर पॅनेल आले की त्याची किंमत कळते.

हवा, एसी, डेटा, गॅस

बाथरूममधली हवा तासाला ६ ते ८ वेळा बदलायला हवी. २.५ × १.५ × ३ मीटरच्या बाथरूमचं घनफळ ११.२५ घनमीटर, आठाने गुणलं की ९० घनमीटर प्रतितास, एवढ्या क्षमतेचा पंखा. पण हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता फिरतो. दाराखाली दीड-दोन सेंटिमीटर फट किंवा दारात जाळी ठेवा. स्वयंपाकघराच्या चिमणीचा डक्ट १५० मिमी, आखूड, कमीत कमी वळणांचा.

एसीच्या निचऱ्याला २५ मिमी पाइप, मीटरला किमान १० मिमी उतार आणि इन्सुलेशन. इन्सुलेशन नसेल तर पाइपवर दव धरतं आणि रंगावर डाग पडतात. हा पाइप ट्रॅपशिवाय थेट सांडपाण्यात सोडला तर एसीच्या हवेला गटाराचा वास येतो.

कॅट-६ केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात अंतराची चिंता नाही. चिंता विजेच्या सान्निध्याची. समांतर नेताना २०० ते ३०० मिमी अंतर ठेवा आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. प्रत्येक मजल्याच्या छताला मधोमध एक डेटा पॉइंट ठेवा. वायफाय तिथून चांगलं पसरतं.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर जमिनीलगत साचतो. सिलिंडरजवळच्या हवेच्या जाळ्या खाली हव्यात. नैसर्गिक वायू हलका, त्याची जाळी वर. गॅसचा पाइप भिंतीत पुरू नका. उघडा ठेवा, म्हणजे तो तपासता येतो.

झाकण्याआधीची तपासणी

सांडपाणी: खालचं तोंड रबरी फुग्याने बंद करा, पाइपमध्ये न्हाणी ट्रॅपच्या पातळीपर्यंत पाणी भरा, खूण करा. अर्ध्या तासात पातळी उतरायला नको. उतरली तर पाणी काढा, सांधा कोरडा करा आणि पुन्हा बसवा. बाहेरून सिमेंट थापू नका.

पाणी: सगळे एल्बो प्लगने बंद करा. सर्वांत वरचा प्लग ढिला ठेवून हवा जाऊ द्या, मग हातपंपाने दाब चढवा. नेहमीच्या दाबाच्या दीडपट तरी हवा. घरगुती कामात ६ ते ७ बार देऊन किमान दोन तास ठेवतात. आत हवा राहिली तर काटा हळूहळू घसरतो आणि गळती नसताना गळती वाटते. पंप लाइनला जोडलेलाच ठेवून गिलावा करणं सर्वांत उत्तम. कुणी पाइपला खिळा मारला तर काटा त्याच क्षणी खाली येतो.

कॉन्ड्युट: प्रत्येकातून तार ओढून बघा. जिथे अडकेल तिथे आजच फोडा. बॉक्सची तोंडं कागद किंवा थर्मोकोलने भरा, नाहीतर आत गिलावा जातो.

मग भिंतीला मोजायची टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, एक मीटरची रेघ त्यात दिसायला हवी. फोटोला खोलीचं आणि दिशेचं नाव द्या. टाइलमध्ये भोक पाडायचं झालं की हेच फोटो उघडायचे.

वॉटरप्रूफिंग, टाइल आणि शेवटची जोडणी

पाइप तपासून झाल्यावर कोपऱ्यात सिमेंट-वाळूच्या मसाल्याने गोलाई करा. कोटिंग काटकोनी कोपऱ्यात तडकतं. पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर ३०० मिमीपर्यंत, शॉवरच्या बाजूला १८०० मिमीपर्यंत न्या. स्लॅबमधून पाइप जिथे बाहेर येतो तिथे पाइपभोवती सीलंट आणि जाळीची पट्टी लावा. गळती नव्वद टक्के तिथूनच सुरू होते असं मानून काम करा. कोटिंग वाळल्यावर ट्रॅप बंद करून पाणी साठवा आणि ४८ तास खालचं छत बघत राहा. भर घातल्यावर त्या भरावरही पुन्हा कोटिंग हवं. पहिल्या थरावर विसंबून राहू नका.

वायरी गिलावा पुरता वाळल्यावरच ओढा. ओल्या भिंतीत ओढलेल्या वायरीच्या टोकांना ओल लागते आणि मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) वाईट आकडे दाखवतो. पुरवठा जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी इन्सुलेशन मोजा. किमान १ मेगाओहम हवं, चांगल्या नव्या कामात याहून कितीतरी जास्त येतं. हे करताना एलईडीचे ड्रायव्हर, डिमर आणि आरसीसीबी वेगळे करा, नाहीतर ते जळतात किंवा चुकीचा आकडा देतात. त्यानंतर प्रत्येक सॉकेटवर अर्थ, फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का ते तपासा. मग आरसीसीबी टेस्टरने तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा. फक्त त्याच्यावरचं बटण दाबणं पुरेसं नाही, कारण त्यातून फक्त आरसीसीबी स्वतः ठीक आहे एवढंच कळतं, घरातला अर्थ ठीक आहे का ते नाही.

नळ लावण्याआधी प्रत्येक लाइन उघडी ठेवून पाणी जोरात सोडा. पाइपमध्ये वाळू, टेफ्लॉनचे तुकडे आणि प्लास्टिकची भुशी असते. ती न काढता नळ लावले तर पहिल्याच दिवशी डायव्हर्टरचं कार्ट्रिज घासतं आणि नळाच्या तोंडातल्या जाळ्या भरतात. घरात राहायला गेल्यावर पहिल्या महिन्यात जाळ्या दोनदा काढून धुवा. बोर्डातल्या टर्मिनलचे स्क्रूही एकदा, मुख्य पुरवठा बंद करून, वायरमनकडून पुन्हा आवळून घ्या. तांब्याची वायर भाराखाली तापते आणि निवते, तेव्हा सुरुवातीला घट्ट वाटलेला स्क्रू सैल होतो. सैल टर्मिनलवर रंग बदललेलं किंवा वितळलेलं इन्सुलेशन दिसलं तर ती वायर तेवढी कापून नवीन टोक जोडा.